पुढे पाठवले म्हणजे खर्च झाले?

उज्जैनला 2028 मध्ये पुन्हा सिंहस्थ भरेल. घाट, रस्ते, पूल यांच्या कामांबरोबर शहरात पैशाचीही चर्चा सुरू झाली आहे. कुठून येतो, कोणाच्या हातून जातो, शेवटी कोणाला पोचतो, यावर जो तो बोलतो. आमच्या फ्रीगंजमधल्या घरातही बोलणे झाले आणि ते संध्याकाळभर चालले. माझे थोरले बंधू ग्वाल्हेरच्या महालेखाकार कार्यालयातून लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झाले. माझी मुलगी तराना-बडनगरकडच्या महिला समूहांना हिशोब ठेवायला शिकवते. मामा-भाचीचा तो वाद इथे थोडा आवरून लिहिला आहे. जिथे मला राहवले नाही तिथे मी मध्ये बोलले आहे.

भाची: मामा, आधी एक हिशोब ऐका. गावातली प्राथमिक शाळा, पटावर शंभर मुलं. पीएम पोषणचा, म्हणजे मध्यान्ह भोजनाचा, दर मे 2025 पासून एका मुलामागे दिवसाला 6 रुपये 78 पैसे. डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन सगळं त्यातच. धान्य तेवढं रेशन दुकानातून वेगळं मिळतं. म्हणजे जेवण शिजवणाऱ्या समूहाच्या हातात रोजचे 678 रुपये. शाळेचे दिवस सव्वादोनशे धरले तरी वर्षाचे दीड लाख. एवढ्यासाठी माझ्या बायका हजेरीचा ताळा ठेवतात, धान्याचा साठा लिहितात, कॅश बुक, बिलांची फाइल, बैठकीचं रजिस्टर, जेवण चाखल्याची नोंद, सगळं करतात. त्यातली एक तर आठवी शिकलेली आहे. दर महिन्याला कोणी ना कोणी येऊन म्हणतं, ‘हा कागद राहिला.’

मामा: राहिला असेल तर लिहावा. पैसा सरकारी आहे. सरकारी म्हणजे माझा, तुझा आणि त्या आठवी शिकलेल्या बाईचाही.

भाची: ते मला मान्यच आहे. मी वेगळं विचारते आहे. 28 मे 2023 ला महाकाल मंदिराजवळच्या महाकाल लोक या नव्या परिसरात वारा सुटला आणि सप्तर्षींच्या सातपैकी सहा मूर्ती कोसळल्या. उद्घाटन 11 ऑक्टोबर 2022 चं. आठ महिनेसुद्धा झाले नव्हते. सगळा प्रकल्प साडेआठशे कोटींच्या घरातला. तिथे कोणता कागद राहिला होता?

मामा: कदाचित एकही नाही.

(दादा हे शांतपणे म्हणाले. मला वाटते, पुढचा सगळा वाद या एका उत्तरात होता.)

भाची: मग झालं तर! दीड लाखाला दहा वह्या, आणि शेकडो कोटींचे कागद पूर्ण असूनही मूर्ती पडतात. तुमच्या देखरेखीचा उपयोग काय?

मामा: घाई करू नकोस. आधी पैसा कसा चालतो ते बघ. महाकाल लोकला ज्यातून पैसा आला, ती स्मार्ट सिटी योजना 2015 च्या जूनमध्ये सुरू झाली. 20 सप्टेंबर 2016 ला जी सत्तावीस शहरं निवडली, त्यांत उज्जैन होतं. महाराष्ट्रातली नाशिक, नागपूर, ठाणे, औरंगाबादही त्याच यादीत होती. केंद्रानं प्रत्येक शहराला पाच वर्षांत पाचशे कोटींपर्यंत द्यायचे आणि तेवढीच भर राज्यानं व पालिकेनं घालायची. पण हा पैसा पालिकेच्या तिजोरीत नाही जायचा. त्यासाठी वेगळी कंपनी काढायची, राज्य आणि पालिका निम्म्या-निम्म्या भागीदार. म्हणजे दिल्लीतून भोपाळ, भोपाळहून कंपनी, कंपनीकडून कंत्राटदार, आणि त्याच्याकडून प्रत्यक्ष काम करणारा कारागीर. मोज किती हात झाले.

भाची: आणि महाकालाजवळच्या रुद्रसागर तलावासाठी तर फ्रान्सचाही पैसा आला.

मामा: हो, तोही मोठा बोलका प्रकार आहे. 2018 मध्ये सिटीज नावाचा कार्यक्रम निघाला. फ्रान्सच्या विकास संस्थेनं भारत सरकारला दहा कोटी युरोचं कर्ज दिलं, युरोपीय संघानं तांत्रिक मदतीला साठ लाख युरो दिले, आणि दिल्लीची राष्ट्रीय नगर कार्य संस्था मध्ये बसली. देशातले बारा प्रकल्प निवडले, त्यांत महाकाल-रुद्रसागराचा एक. म्हणजे जे परक्या देशाकडून कर्ज म्हणून आलं, ते उज्जैनच्या कंपनीला अनुदान म्हणून मिळालं. तिथे पैसा हप्त्यांनी, टप्पा गाठला की सुटायचा. एकाच परिसरात दोन-तीन वाटांनी पैसा आला आणि प्रत्येक वाटेची राखण वेगळी.

भाची: माझा मुद्दा तोच. राखणदार इतके, मग पायाशी कोण उभं होतं?

मामा: आता मी माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. अनुदान देणारा खालच्याकडून उपयोगिता प्रमाणपत्र मागतो. वित्तीय नियमांत त्याचे नमुने ठरलेले आहेत, संस्थांना 12-क, राज्यांना 12-ग. वर्ष संपल्यावर बारा महिन्यांत ते यायला हवं. आता यातली खोच बघ. राज्यानं पैसा कंपनीला पाठवला की राज्याच्या वहीत तो गेला. कंपनीनं कंत्राटदाराला आगाऊ रक्कम दिली की कंपनीच्या वहीत तो गेला. प्रत्येक पायरीवर ‘पुढे पाठवले’ हेच ‘खर्च केले’ म्हणून चढतं. खाली वीट रचली नसेल, तरी वर प्रमाणपत्र पूर्ण. मी आयुष्यभर हा आक्षेप किती वेळा लिहिला, मोजदाद नाही. खात्यात पैसा पडून आहे आणि दिल्लीला खर्च झाल्याचं कळवलं आहे.

भाची: म्हणजे खोटं प्रमाणपत्र.

मामा: खोटं म्हणवत नाही, हीच अडचण. ज्यानं सही केली त्याच्यापुरतं ते खरंच असतं. त्याच्या हातून पैसा गेला आहे. पुढच्यानं काय केलं हे बघणं त्याला आपलं काम वाटत नाही.

(मी इथे थांबवून विचारले, मग ते कोणाचे काम? दादांनी कायद्याचे कलमच सांगितले, आणि ते ऐकण्यासारखे आहे.)

मामा: 1971 चा नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा कायदा आहे. त्याचं 14 वं कलम म्हणतं, ज्या संस्थेला सरकारी अनुदान किंवा कर्ज वर्षाला पंचवीस लाखांहून कमी नाही आणि तिच्या एकूण खर्चाच्या पाऊण हिश्श्याहून कमी नाही, तिचे हिशोब आम्ही तपासायचे. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण खरं कलम 15 वं. विशिष्ट कामासाठी अनुदान दिलं असेल, तर ज्यानं ते मंजूर केलं त्यानं अटी पाळल्या गेल्याची खात्री कोणत्या रीतीनं करून घेतली, ती रीत तपासायची. म्हणजे प्रश्न घेणाऱ्याला विचारायचा नाही, देणाऱ्याला विचारायचा. ‘तू पैसे दिलेस, मग तू काय बघितलंस?’ एवढंच.

भाची: आणि तो प्रश्न प्रत्यक्षात कितीदा विचारला जातो?

मामा: हवा तितका नाही. हे मी मान्य करतो.

भाची: मग माझ्या बायकांना दहा वह्या लावणारं कोण? तुमचं कार्यालय?

मामा: आम्ही तुझ्या समूहाच्या दारात जातच नाही. दीड लाखवाला आमच्या कक्षेत एकटा येत नाही. तुझ्याकडे कागद मागतं ते मधलं कार्यालय. का मागतं, ते समजून घे. वरून कोणी विचारलं तर त्याला दाखवायला काहीतरी हवं. स्वतः गावात जाऊन ताटात डाळ आहे की पिवळं पाणी हे बघण्यापेक्षा रजिस्टर मागणं सोपं. स्वतःची जबाबदारी तो कागदाच्या रूपानं खाली ढकलतो.

(याबाबत दोघांचे एकमत झाले. मला त्यात आणखी एक गोष्ट घालावीशी वाटते. खाली ढकललेल्या कागदाची मजुरी कोणी देत नाही. मध्यान्ह भोजन शिजवणाऱ्या बाईच्या मानधनाचा केंद्राने ठरवलेला दर 2009 पासून महिन्याला 1000 रुपये आहे, त्यात केंद्राचा हिस्सा 600. राज्ये त्यात आपली भर घालतात, पण मूळ आकडा हललेला नाही. तिच्या कामावर लक्ष ठेवण्याचे नियम मात्र वाढत गेले.)

भाची: म्हणून म्हणते, एका रकमेच्या खाली वह्या काढून टाका. ताट बघा, मुलांना विचारा, आयांना विचारा.

मामा: इथे माझा ठाम विरोध आहे. तू चांगले समूह बघितलेस. मी दुसरेही बघितले आहेत. कागदावर बारा बायका, आणि स्वयंपाकघर चालवतो एखाद्या वजनदार माणसाचा पुतण्या. बायकांना पासबुक कुठे आहे तेही माहीत नसतं. ते उघडकीला आलं ते वहीमुळेच. सही एका हातची, अंगठे सगळे सारखे. वही नसती तर काय धरलं असतं? आणि प्रामाणिक बाईवर उद्या कोणी आळ घेतला तर तिला वाचवणार तीच कॅश बुक.

भाची: एक कॅश बुक आणि एक पासबुक. मी दहा म्हणाले.

मामा: दोनवर मी तयार आहे. तिसरी साठ्याची.

भाची: ठीक, तीन.

मामा: अमेरिकेत हा गुंता त्यांनी आधी भोगला. एकाच छोट्या संस्थेकडे प्रत्येक खात्याचा वेगळा तपासनीस जायचा. 1984 मध्ये कायदा केला, सगळ्यांचं मिळून एकच लेखापरीक्षण. आणि ते कोणाला लागू, याची एक मर्यादा. ती साडेसात लाख डॉलर होती, 1 ऑक्टोबर 2024 पासून सुरू होणाऱ्या वर्षांसाठी दहा लाख केली. त्याखालच्याला ते लेखापरीक्षण माफ. पण त्याहून महत्त्वाचं पुढे आहे. जो मधला पैसा पुढे पाठवतो, त्यानं खालच्याची आधी पारख करायची. नवखा आहे का, आधी घोटाळा झाला आहे का, काम किती जोखमीचं आहे. त्याप्रमाणे नजर कमी-जास्त ठेवायची, आणि ती ठेवली नाही तर दोष मधल्यावर.

भाची: म्हणजे 15 व्या कलमाचंच दुसरं रूप, फक्त रोजच्या कामात उतरवलेलं.

मामा: तसं म्हण हवं तर. आपल्याकडेही 2021 मध्ये मोठा बदल झाला, त्याचं श्रेय द्यायला हवं. 23 मार्च 2021 चा वित्त मंत्रालयाचा आदेश, जुलैपासून लागू. केंद्र पुरस्कृत प्रत्येक योजनेसाठी राज्यात एकच नोडल संस्था आणि तिचं एकच बँक खातं. खालच्यांची खाती शून्य शिलकेची. पूर्वी प्रत्येक पायरीवर आपापला हौद होता आणि प्रत्येकात पाणी साचायचं. आता टाकी एक, खाली फक्त नळ. शेवटच्या माणसाला पैसे दिले की तेव्हाच खर्च चढतो. त्या दिवसापासून ‘पुढे पाठवले’ला ‘खर्च केले’ म्हणणं अवघड झालं. व्याजही सरकारला परत जातं.

भाची: अवघड झालं, हे खरं. पण वर कुठे मंजुरी अडली की गावात किराणा दुकानदाराकडे उधारी चढते. मुलांना जेवायला तर रोजच घालावं लागतं ना. पूर्वी समूहाच्या खात्यात चार पैसे असायचे, त्यावर आठवडा निघायचा. तुम्ही साचलेलं पाणी काढलंत, त्यात तहानेपुरतंही गेलं.

(दादांकडे याचे उत्तर नव्हते. मलाही ते सापडत नाही. दिल्लीचे व्याज वाचावे म्हणून तरान्याच्या किराणा दुकानाने बिनव्याजी कर्ज द्यावे, ही व्यवस्था मला न्याय्य वाटत नाही. पंधरा दिवसांची रक्कम हातात ठेवायला समूहाला मुभा द्यायला काय हरकत आहे?)

भाची: आणि मामा, तुमच्या टाकीनं सप्तर्षी उभे राहिले असते का? पैसा शेवटच्या माणसाला बरोबर पोचला, वेळेवर पोचला, संगणकात दिसला. पण फायबरच्या मूर्तीच्या आत लोखंडाचा सांगाडा किती जाडीचा, चौथऱ्याशी ती कशी बांधली, हे त्या पडद्यावर कुठे दिसतं?

मामा: नाही दिसत. ते मोजमाप पुस्तकात दिसायला हवं. अभियंता जागेवर जातो, मापं घेतो, लिहितो, सही करतो, आणि त्यावर बिल निघतं. कनिष्ठानं घेतलेली काही मापं वरिष्ठानं स्वतः पुन्हा घ्यायची असतात. सगळ्या सरकारी बांधकामाचा प्राण त्या पुस्तकात आहे. पण मूर्ती हा प्रकार त्याला नवा. रस्त्याची लांबी-रुंदी मोजता येते, ऋषींच्या पोटात काय आहे ते रंग लागल्यावर कसं मोजणार? रंगाच्या आधी मोजायला हवं.

भाची: कंत्राटदाराकडूनच पुन्हा बसवून घेऊ, दोष-दायित्वाच्या मुदतीत आहेत, असं सरकारनं सांगितलं. लोकायुक्तांनी दखल घेतली. मूर्ती पुन्हा बसवता येतात. पण ‘तू काय बघितलंस’ हा तुमचा प्रश्न ज्यानं पैसे सोडले त्याला जाहीरपणे कोणी विचारला, असं मी कुठे वाचलं नाही.

मामा: तो प्रश्न विसरण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. अहिल्यादेवींच्या खासगीचं उदाहरण घे. 1948 मध्ये मध्यभारत राज्य झालं तेव्हा ठरलं, होळकरांची खासगी मालमत्ता आणि उत्पन्न सरकारजमा, त्याबदल्यात देवळं, घाट, धर्मशाळा यांच्यासाठी सरकारनं दरवर्षी 2,91,952 रुपये कायमचे द्यायचे. 1962 मध्ये त्यासाठी विश्वस्त न्यास झाला. विश्वस्तांत सरकारी अधिकारीही होते. देशभर पसरलेल्या दोन-अडीचशे मिळकती. पुढे हरिद्वारच्या कुशावर्त घाटाच्या विक्रीवरून वाद उठला, इंदूर खंडपीठापर्यंत गेला, तिथून सर्वोच्च न्यायालयात. 21 जुलै 2022 ला निकाल आला की हा सार्वजनिक न्यास आहे, 1951 चा मध्य प्रदेशचा कायदा त्याला लागू आहे, नोंदणी करा.

भाची: साठ वर्षांनी?

मामा: साठ वर्षांनी. उच्च न्यायालयानं आर्थिक गुन्हे शाखेची चौकशी सांगितली होती, ती सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली, हेही सांगायला हवं. मी कोणाला चोर म्हणत नाही. माझं म्हणणं इतकंच की सरकार दरसाल रक्कम मोजून देण्याचं आश्वासन पाळायला बांधलेलं, त्याचे अधिकारी विश्वस्त म्हणून बसलेले, आणि या न्यासावर कोणाची देखरेख हा प्रश्न सुटायला 2022 उजाडलं. 1948 चा तो आकडा आज किती घाटांची डागडुजी करील, हाही प्रश्न कोणी लावून धरला नाही.

(अहिल्यादेवींचे नाव निघाले की आमच्या घरात आवाज खाली येतो. माळव्यातल्या मराठी माणसाला तो पैसा कोण्या खात्याचा वाटत नाही. महाकालाचे देऊळही अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी नव्याने उभारले. त्या कामाचा हिशोब काय होता हे मला माहीत नाही, पण बांधणी वाऱ्याने पडलेली नाही.)

भाची: म्हणून मी लोकांसमोर हिशोब मागते. राजस्थानात 1994 च्या डिसेंबरात कोटकिराना गावात मजूर किसान शक्ती संघटनेनं पहिली जनसुनवाई घेतली. हजेरीपट मोठ्यानं वाचले. ज्याचं नाव त्यात आलं तो उभा राहून म्हणाला, मी त्या दिवशी कामावर नव्हतोच. कोणत्या लेखापरीक्षकाला ते सापडलं असतं? पुढे 2005 च्या रोजगार हमीच्या कायद्यात ग्रामसभेचं सामाजिक लेखापरीक्षण आलं, पोषण योजनेतही प्रत्येक जिल्ह्यात ते करायचं आहे. मग सिंहस्थाच्या कामांना का नको? रामघाटावर मंडप टाका, अभियंत्यांना बसवा, मोजमाप पुस्तक मोठ्यानं वाचा.

मामा: हजेरीपट गावाला कळतो. सिमेंटचं प्रमाण, लोखंडाची जाडी गर्दीला कशी कळणार? गर्दीत ज्याचा आवाज मोठा त्याचंच खरं ठरतं. शिवाय ज्या गावात वजनदार माणसाचा पुतण्या स्वयंपाकघर चालवतो, तिथली ग्रामसभाही त्याचीच असते.

भाची: लोखंडाची जाडी तज्ज्ञाला तरी कुठे कळली?

मामा: कळली नाही की बघितली नाही, हे दोन वेगळे दोष आहेत. बघायला लावणं हे काम सभेचं असू शकतं, मी नाही म्हणत नाही. पण बघणं तज्ज्ञाचंच.

भाची: मग तसंच करा. तज्ज्ञानं बघावं आणि काय बघितलं ते सभेत सांगावं. तारखेसह, नावासह. कामाच्या जागेवर पाटी असते ना, लोकार्पण कोणाच्या हस्ते झालं याची. तिथेच लिहा, पैसा कुठून कुठे आला, मापं कोणी घेतली, वरिष्ठानं पुन्हा कधी तपासली.

मामा: पाटीवर अभियंत्याचं नाव घातलंस तर तो कोणतंच बिल पास करणार नाही. भीतीनं काम थांबतं, हेही मी पाहिलं आहे. सिंहस्थ तारखेला येतो, तो थांबत नाही. मुदत जवळ आली की सगळी कामं एकदम उरकतात आणि मापं मागाहून लिहिली जातात. म्हणून माझी मागणी वेगळी. राज्यानं पुढचा हप्ता सोडण्याआधी मधल्याकडून प्रमाणपत्र घ्यावंच, पण त्याला मोजमाप पुस्तकाच्या त्या पानाची प्रत जोडलेली असावी, आणि ज्यानं हप्ता सोडला त्यानं त्यातलं एक तरी काम स्वतः जाऊन बघितल्याची नोंद असावी. नोंद नाही तर हप्ता नाही.

भाची: आणि ती नोंद लोकांना बघायला मिळेल?

मामा: माहितीच्या अधिकारात मागता येईल.

भाची: मागावी का लागावी, मामा? माझ्या समूहाच्या तीन वह्या गावातला कोणीही येऊन उघडतो, आणि आम्ही नाही म्हणत नाही. तराना तालुक्यातल्या स्वयंपाकिणीला जे लागू, ते भोपाळला हप्ता सोडणाऱ्याला का लागू नको?

मामा: ते लागू व्हावं. पण आधी ती नोंद करायला तरी लागू दे. जी नोंद होतच नाही ती उघडी ठेवून काय करणार?

भाची: उघडी ठेवायचं ठरलं की करावीच लागेल.

(माझा कल मुलीकडे आहे, पण दादांची अटही मी सोडणार नाही: नोंद नाही तर हप्ता नाही. सिंहस्थाचा पैसा अजून सुटतो आहे, तोवर ही अट घालता येईल. दोघांनी मिळून ती लिहून काढली आहे, त्यात पाटीचा मुद्दा मुलीने आपल्या सहीने वेगळा जोडला आहे, आणि कागद नगरसेवकाकडे द्यायचा की जिल्हाधिकाऱ्यांच्या जनसुनवाईत, यावर दोघांचे अजून जमलेले नाही.)